बास गिटारचा स्पीकर कॅबिनेट घरी बांधताना: कोकणच्या हवेत टिकेल असा आराखडा

इथे दिलेला आराखडा १२ इंची एका स्पीकरचा, पोर्टवाल्या (म्हणजे पुढे हवेची उघडी नळी असलेल्या), ८ ओहमच्या बास कॅबिनेटचा आहे. आतली निव्वळ हवा ५५ लिटर, ट्यूनिंग (पोर्टमधली हवा ज्या फ्रीक्वेन्सीला डोलते ती) ४८ हर्ट्झ, तयार वजन २० ते २५ किलो. चर्चमधलं क्वायर, गणपतीतला छोटा ऑर्केस्ट्रा, लग्नाच्या हॉलमधला बँड, एवढ्याला तो सहज पुरतो. मैदानावर वाजवायचं असेल तर असेच दोन बांधून एकावर एक ठेवायचे. मापं त्याच हिशेबाने जुळवली आहेत: ८ बाय ४ च्या एका प्लायमध्ये दोन कॅबिनेट निघतात.

इंटरनेटवर असे आराखडे शेकड्याने मिळतात. पण एमडीएफचा (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या फळीचा) खोका, त्यावर कार्पेट, साधे लोखंडी स्क्रू, एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर हा जो नेहमीचा मेळ असतो, तो रत्नागिरी-सिंधुदुर्गात दोन पावसाळेही नीट काढत नाही. एमडीएफ कडेने फुगतो, कार्पेटमध्ये बुरशी धरते, स्क्रू गंजून सांधा सैल पडतो आणि खोका हवा सोडायला लागतो. हवा सुटली की बास गेला. आवाजाचं गणित एका संध्याकाळी जमतं. खरी मेहनत खोका हवाबंद आणि कोरडा ठेवण्यात आहे.

आधी स्पीकर, मग खोका

प्लाय कापायच्या आधी स्पीकर हातात हवा, निदान त्याची डेटाशीट तरी. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या ऑस्ट्रेलियातल्या अभियंत्यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत स्पीकर आणि खोका यांचं नातं काही आकड्यांत बसवलं. डेटाशीटवरचे ‘टी-एस पॅरामीटर’ म्हणजे तेच. त्यातले चार बघा.

एफएस म्हणजे मोकळ्या हवेत स्पीकरचा कोन (पुढचा शंकूसारखा कागद) ज्या फ्रीक्वेन्सीला आपसूक डोलतो ती. या खोक्याला ४० ते ५० हर्ट्झ हवी. क्यूटीएस, म्हणजे कोनचं ते डोलणं किती मोकळं राहतं त्याचा आकडा, ०.३५ ते ०.४२ च्या दरम्यान असावा. ०.३ च्या खाली गेला तर खालचा आवाज लवकर उतरतो आणि बास पातळ वाटतो, ०.५ च्या वर गेला तर पोर्टच्या खोक्यात एकच सूर ढुम-ढुम घुमतो. असा स्पीकर बंद खोक्यात बरा. व्हीएएस, म्हणजे कोनच्या टांगणीइतकीच लवचीक असलेली हवा, ७० ते ९० लिटर. आणि एक्समॅक्स, म्हणजे कोन एका बाजूला किती सरळ हलू शकतो ते, कमीत कमी ५ मिमी.

पाठ्यपुस्तकी उदाहरण घ्यायचं तर क्यूटीएस ०.३८, एफएस ४८ हर्ट्झ आणि व्हीएएस ७८ लिटर असलेला स्पीकर ५५ लिटरमध्ये ४८ हर्ट्झला ट्यून केला की आलेख जवळजवळ सपाट येतो. तुमचे आकडे थोडे वेगळे असतील तर ते विनआयएसडी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये भरून पाहा. व्हीएएस १३० आणि एफएस ३५ वगैरे असेल तर मात्र हा खोका त्याचा नव्हे.

दुकानात हमखास पुढे केले जाणारे दोन स्पीकर घेऊ नका. पहिला लीड गिटारचा १२ इंची: त्याचा एक्समॅक्स बऱ्याचदा जेमतेम १ मिमी असतो, बासच्या जाड तारेवर तो फडफडतो आणि कॉइल घासते. दुसरा गाडीचा सबवूफर: कोन लांब हलतो खरा, पण सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटला किती मोठा आवाज ते) इतकी कमी की ३०० वॅट घालूनही ड्रमपुढे ऐकू येत नाही. पीए (कार्यक्रमांच्या लाउडस्पीकरच्या) कामासाठीचा, ९५ डेसिबलच्या आसपास सेन्सिटिव्हिटीचा मिडबास किंवा वूफर मागा. वॅट बघताना आरएमएस किंवा एईएस, म्हणजे सतत पेलता येणाऱ्या वॅटचा आकडाच धरा. पीएमपीओचा (क्षणिक कमाल वॅटचा) फुगवलेला आकडा विकणाऱ्याच्या उपयोगाचा.

चार तारांच्या बासची सर्वांत खालची मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झची. म्हणजे ४८ चं ट्यूनिंग तिच्याही वर आहे. तरी चालतं, कारण त्या सुरातला बराचसा जोर दुप्पट फ्रीक्वेन्सीला, ८२ हर्ट्झला असतो आणि मूळ सूर कान भरून काढतो. पाच तारांची खालची बी ३०.९ हर्ट्झची; ती या खोक्यातून ऐकू येईल, पण छातीत बसणार नाही. ट्यूनिंगच्या खाली पोर्टची हवा कोनला धरून ठेवत नाही, तो मोकाट हलतो. म्हणून अँपला ३५ हर्ट्झच्या आसपासचा हायपास फिल्टर (त्याखालचे सूर गाळणारा) असेल तर तो चालू ठेवा. नसेल तर फिल्टरचं पेडल घ्या. स्पीकर जळून मरतात तसे असे मोकाट हलूनही मरतात.

प्लाय

१८ मिमी मरीन प्लाय, आयएस ७१० चा शिक्का असलेला. हा प्लाय ७२ तास उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकावा लागतो. आयएस ३०३ मधल्या बीडब्ल्यूआरला (उकळतं पाणी सोसणाऱ्या प्लायला) ती अट ८ तासांची आहे. शिक्का खोटाही मारता येतो, म्हणून दुकानदाराकडून हातभर तुकडा मागून घ्या, घरी चुलीवर चार-पाच तास उकळा आणि पापुद्रे नखाने उचकटून बघा. सुटले तर प्लाय परत.

दुसरी परीक्षा कडेची. चारही कडा उजेडात बघा. थरांमध्ये पोकळ्या दिसल्या तर तो प्लाय कपाटाला चालेल, कॅबिनेटला नाही. पोकळीतला सुटा पापुद्रा ठरावीक सुरावर झिणझिणतो आणि तो आवाज कुठून येतोय हे शोधता शोधता माणूस वेडा होतो.

वखारीतून आणलेला प्लाय लगेच कापू नका. घरात, जमिनीपासून वर, मध्ये रिपा घालून आडवा ठेवा. आठ-दहा दिवसांनी हात लावा. बांधणीचा काळ ऑक्टोबर ते मे. जूनमध्ये सुरू केलेलं काम दिवाळीपर्यंत चिकट राहतं.

मापं

बाहेरून रुंदी ४००, उंची ५६०, खोली ४०० मिमी. पुढची फळी, म्हणजे बॅफल, कडेपासून २५ मिमी आत बसते. जाळीला तेवढी जागा लागते.

वरची आणि खालची फळी: ४०० × ४००, दोन नग
बाजूच्या फळ्या: ५२४ उंच × ४०० खोल, दोन नग
बॅफल आणि मागची फळी: ३६४ × ५२४, दोन नग
आतली आडवी चौकट: ३६४ × ३३९, एक नग
सागाची रीप २० × २० मिमी: सुमारे ५ मीटर

हे सगळं ४ बाय ४ फुटांत बसतं. ४०० रुंदीच्या एका पट्टीत दोन्ही बाजू, दुसऱ्या पट्टीत वरची-खालची फळी आणि चौकट, उरलेल्या पट्टीत बॅफल आणि मागची फळी. टेबल-सॉ असलेल्या सुताराकडून कापून घ्या आणि पात्याची ३-४ मिमी जाडी धरायला सांगा. एक मिमीची तिरपी काप रंध्याने सुधारता येते, पण सांध्यात फट येणार ती तिथूनच. बॅफल आणि मागची फळी आत सरकायला हवी, तेव्हा प्रत्येक माप १ मिमी कमी ठेवा.

आतलं एकूण आकारमान ६४.७ लिटर येतं. त्यातून स्पीकरचे साडेतीन, पोर्टच्या नळ्यांचे सव्वादोन, चौकटीचं सव्वा आणि रिपांचे दोन लिटर वजा करा. उरतात साधारण ५५. एखाद-दीड लिटर इकडेतिकडे झाल्याने कानाला फरक कळत नाही.

बॅफलवर स्पीकरचं केंद्र वरच्या कडेपासून १८५ मिमीवर, रुंदीच्या मध्यात. भोक साधारण २८२ मिमी, पण खरा आकडा डेटाशीटचा. कंपनीगणिक त्यात ५-६ मिमी फरक असतो आणि मोठं पडलेलं भोक लहान करता येत नाही. पोर्टची दोन भोकं ९० मिमीची: केंद्रं वरून ४३० मिमीवर आणि मधल्या रेषेपासून डावी-उजवीकडे ७५ मिमीवर.

पोर्ट

आंबा-सुपारीच्या बागेत पाण्यासाठी घालतात तो ९० मिमीचा पीव्हीसी पाइप कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. आतला व्यास साधारण ८४ मिमी येतो. जाडी दाबाच्या वर्गानुसार बदलते, म्हणून घेतल्यावर कॅलिपरने मोजा. लांबीचं सूत्र, सगळं सेंटिमीटर आणि लिटरमध्ये:

लांबी = (२३५६२.५ × व्यास² × पोर्टची संख्या) ÷ (ट्यूनिंग² × लिटर) − ०.७३२ × व्यास

८.४ सेंमी व्यास, २ पोर्ट, ४८ हर्ट्झ, ५५ लिटर घातले की उत्तर २० सेंमी येतं. ही लांबी बॅफलच्या जाडीसकट आहे. आधी २२ सेंमी कापा; नळी लांब असली की ट्यूनिंग खाली जातं, आणि या मापात १ सेंमी म्हणजे जवळपास १ हर्ट्झ. कापून कमी करता येतं, जोडून वाढवणं कटकटीचं.

४ इंची एकच पाइप का नको? त्याला १२ सेंमीच लांबी पुरते, पण हवा वाहायला जागा कमी आणि जोरात वाजवलं की फुस्स-फुस्स ऐकू येतं. ४ इंची दोन घेतले तर लांबी ३२ सेंमीवर जाते आणि नळीचं तोंड मागच्या फळीला टेकायला येतं. ९० चे दोन हा मधला मार्ग आहे.

नळीची आतली कड धारदार ठेवू नका. सुरीने तासून पॉलिश पेपरने गोल करा. हौस असेल तर सावंतवाडीत लाकडी खेळणी घडवणारे कारागीर लेथवर बाहेरच्या बाजूला रुंदावणारी लाकडी कडी कातून देऊ शकतील. आतून ८४, तोंडाशी ११०, जाडी १५ मिमी. कडी लावली तर तिची जाडी पोर्टच्या लांबीत धरून नळी तेवढी आखूड करा. पीव्हीसीचं सोल्यूशन लाकडाला धरत नाही. नळी ८० नंबरच्या पेपरने खरवडून दोन भागांच्या इपॉक्सीने किंवा एम-सीलने बसवा.

जुळणी

आधी सगळं कोरडं लावून बघा. मग बाजूच्या, वरच्या आणि खालच्या फळ्यांना रिपा मारा: पुढच्या कडेपासून ४३ मिमीवर (२५ मोकळे आणि १८ बॅफलची जाडी), मागच्या कडेपासून १८ मिमीवर. उरलेली रीप आतल्या चार कोपऱ्यांत, पुढून मागे.

गोंद फेव्हिकॉल मरीन. सांध्याच्या दोन्ही अंगांना लावा. प्लायची कड गोंद पिते, म्हणून कडेला एक हात लावून दोन मिनिटांनी दुसरा. स्क्रू ८ नंबरचे, ३८ मिमी लांब, ३०४ स्टेनलेसचे, दर १०० मिमीवर. प्रत्येकाला ३ मिमीचं पायलट होल पाडा, नाहीतर प्लायची कड चिरते. समुद्राच्या अगदी काठावर राहत असाल तर ३१६ चे स्क्रू शोधा. पिवळ्या-काळ्या प्लायवूड स्क्रूंच्या मोहात पडू नका. वर्षभरात डोक्याभोवती तांबूस डाग दिसतो आणि तोपर्यंत आतली दांडीही गंजलेली असते.

गोंद ओला असतानाच कर्ण मोजा. पुढच्या तोंडाचे दोन्ही कर्ण ६८८ मिमी यायला हवेत, फरक २ मिमीपेक्षा जास्त नको. जास्त असेल तर लांब कर्णावर क्लॅम्प आवळा. क्लॅम्प रात्रभर ठेवा.

आडवी चौकट स्पीकर आणि पोर्ट यांच्या मध्ये येते, वरच्या फळीच्या आतल्या बाजूपासून ३४६ मिमी खाली. चारही बाजूंना ६० मिमी पट्टी ठेवून मधला भाग कापून काढा आणि कोपऱ्यांना २० × २० च्या खाचा द्या, म्हणजे रिपा आड येणार नाहीत. ही चौकट बाजूंना, बॅफलला आणि मागच्या फळीला सगळीकडे चिकटली पाहिजे. ती नसेल तर बाजूच्या फळ्या स्वतःच थरथरतात आणि मधल्या सुरांत गढूळपणा येतो. बाजूच्या फळीवर बोटाने टकटक करून बघा: चौकटीआधी ढप्प आणि लांबट, नंतर टक्क आणि तोकडा.

मागची फळी कायमची चिकटवा. दुरुस्तीसाठी ती उघडी ठेवायची चाल आहे, पण हात घालायला २८२ मिमीचं भोक पुढे आहेच. सुटी फळी म्हणजे नुसत्या स्क्रूंवर विसंबलेली पावणेदोन मीटर लांबीची फट.

सगळे आतले सांधे सीलंटने भरा. इथे बारीक गोष्ट आहे: शिरक्यासारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि ते तांब्याला खातं. न्यूट्रल सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट वापरा, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय स्पीकर आत बसवू नका.

रंग, अस्तर, जाळी

बाहेरून रंगवतात आणि आतून कोरडं सोडतात, ही सगळीकडची सवय. इथे ती नडते: एका बाजूने ओल पिणारा प्लाय वाकतो. आतून दोन हात सँडिंग सीलर किंवा पीयू, भोकांच्या कडांना तीन. बाहेरून दोन भागांचं पीयू किंवा त्यावर टेक्स्चर पेंट. एनसी लॅकर दमट हवेत मारलं की पांढुरकं धुकं धरतं, म्हणून तो विषय बाद. रेक्झिन लावायचं तर कडा २५ मिमी आत दुमडून घ्या. उघडी कड पहिल्याच पावसात उचलते. कार्पेट नकोच.

आतल्या वरच्या, मागच्या आणि एका बाजूच्या भिंतीला २५ मिमी पॉलिस्टर वॅडिंग चिकटवा. खोका ठासून भरायचा नाही आणि पोर्टच्या मागच्या तोंडापाशी १० सेंमी मोकळं सोडायचं. काथ्याची गादी स्वस्त आणि हाताशी असते, पण ती ओल धरते आणि तंतू उडून कॉइलच्या फटीत जातात.

जाळी स्टेनलेसची किंवा पावडर-कोटेड, मागून फोमची पट्टी लावून, नाहीतर तीच किणकिणेल. खाली २० मिमीपेक्षा उंच रबरी पाय लावा. जांभ्याची भिंत आणि कोबा दोन्ही ओल सोडतात, शिवाय वाळवीचा रस्ताही तोच.

वायरिंग

२.५ चौरस मिमीची तांब्याची दोन-पदरी लवचीक वायर, स्पीकरच्या टोकांना कलई केलेले लग, क्रिंप करून (पकडीने दाबून) वर सोल्डरचा डाग आणि त्यावर हीट-श्रिंक. उघडं तांबं खाऱ्या हवेत हिरवं पडतं आणि संपर्क तुटक होतो. मागे स्पीकॉन (फिरवून अडकणाऱ्या स्पीकर-प्लगचं) सॉकेट, १+ ला लाल, १− ला काळी. प्लेटमागे फोमचा गास्केट. साधा ६.३ मिमी जॅकही चालतो, पण तो निसटताना टोकं एकमेकांना टेकवतो. गिटारची शिल्डेड केबल स्पीकरला कधीच लावू नका, ती तापते.

स्पीकर बसवायला एम५ चे टी-नट, आठ नग, मागून हातोडीने ठोकून कडेला इपॉक्सीचा थेंब. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने आवळा, हाताच्या पान्याने. ड्रिलने आवळलं की बास्केट वाकते आणि कॉइल घासते.

मल्टीमीटरने सॉकेटवर ५.५ ते ६.५ ओहम दिसले म्हणजे ८ ओहमचा स्पीकर ठीक आहे. मग १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा: धन टोक १+ ला असताना कोन बाहेर यायला हवा. दोन कॅबिनेट असतील आणि एकाची वायर उलटी असेल तर दोघं एकमेकांचा बास खातात. दोन समांतर जोडले की ४ ओहम होतात. अँपवर किमान ४ लिहिलेलं असेल तर तिसरा जोडू नका. व्हॉल्व्हचा अँप स्पीकरशिवाय चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

तपासणी

फोनवरच्या टोन जनरेटरने ६० हर्ट्झचा सूर मध्यम आवाजात सोडा आणि पेटती उदबत्ती प्रत्येक सांध्यावरून, सॉकेटभोवती आणि स्पीकरच्या कडेने हळूहळू फिरवा. पंखा बंद, खिडक्या बंद. फट असेल तिथे सरळ चढणारी धुराची रेघ थरथरून तुटते. पेन्सिलने खूण करा, नंतर सीलंट भरा.

मग सूर ७० पासून एकेक हर्ट्झने खाली आणा. कोनचं हलणं कमी होत जाईल, एका जागी तो जवळजवळ थांबेल आणि पोर्टसमोर धरलेल्या हाताला वारा लागेल. तेच ट्यूनिंग. आणखी नेमकं हवं तर १०० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर स्पीकरच्या ओळीत घालून स्पीकरच्या टोकांवरचे एसी व्होल्ट मोजा: दोन उंचवटे दिसतील, त्यांच्यामधली दरी म्हणजे ट्यूनिंग. २२ सेंमीच्या नळीवर ते ४६ च्या आसपास येईल. स्पीकर काढून दोन्ही नळ्या सारख्या कापत ४८ वर आणा. बी तार जास्त वाजवणाऱ्यांनी ४६ वरच थांबावं.

शेवटी ३० ते ३०० हर्ट्झ सावकाश सरकवत ऐका. एका ठरावीक सुरावर झिर्र आली तर संशयाचा क्रम असा: जाळी, हँडल, सैल वायर, टी-नट, मग प्लायची पोकळी. वायर खोक्याला जागोजागी क्लिपने बांधली असेल तर निम्मे संशय आधीच मिटतात.

महिनाभर वाजवल्यावर गास्केट दबतो. तेव्हा बोल्ट पुन्हा पाव फेरा आवळा. वाजवणं नसेल तेव्हा दोन्ही पोर्टांत फोमची बुचं घाला, सॉकेटवर टोपण लावा. कुंभारमाशीला ९० मिमीचं भोक आणि स्पीकॉनचं सॉकेट दोन्ही सारखीच आवडतात, आणि तिचं मातीचं घर सॉकेटमधून टोकरून काढताना पिना हमखास वाकतात.